ओटा आधी, घर नंतर

निगडीला ओटास्कीम आहे. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. कागदावर ती पेठ क्रमांक २२ आहे, हे तिथल्या रहिवाशालाही क्षणभर आठवावं लागतं. झोपडपट्टीतल्या कुटुंबांना तिथं घर मिळालं नव्हतं, जोतं मिळालं होतं. जमिनीचा लहानसा तुकडा, त्यावर बांधून दिलेला ओटा, पाण्याची आणि संडासाची सोय. भिंती तुमच्या तुम्ही उभ्या करा, छप्पर तुमचं तुम्ही घाला, पैसे येतील तसं. आधी बांबू आणि ताडपत्री, मग पत्रे, मग विटा, आणि मुलगा कामाला लागला की स्लॅब.

आता चाकणच्या रस्त्यावर नेमकं उलटं दिसतं. ट्रेलरवरून अख्खी खोली चाललेली असते. दार, खिडकी, पंख्याचा हूक, विजेची बटणं, सगळं कारखान्यातच बसवलेलं. सकाळी क्रेननं उतरवली की संध्याकाळी आत दिवा लागतो. तेव्हा ओटा मिळायचा, वर घर नसायचं. आता घर तयार मिळतं, खाली ओटा नसतो. या पट्ट्यातल्या कामगाराच्या घराचं पन्नास वर्षांत काय झालं ते एवढ्यात सांगून होतं. पण इथंच थांबलो तर जुनं ते सगळं सोनं होतं असा समज होईल, आणि तसं ते मुळीच नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडत होते, तिथून उठून थेट आकुर्डीला गावच्या एकाच्या खोलीवर आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच आलं होतं, आणि येताना कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत, शाळा, मैदान घेऊन आलं होतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या माळावर आखणी झाली, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांच्या मागून त्यांना नट-बोल्ट पुरवणारी शेकडो वर्कशॉपं. माणसं आली सातारा, सांगली, सोलापूर, नगर, मराठवाड्यातून. पण हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीसारखी कॉलनी सगळ्यांच्या वाट्याला यायची नव्हती. बाकीच्यांनी गावठाणात, काळेवाडीत, कासारवाडीत खोल्या धरल्या. एका खोलीत सहा-सात जण, शिफ्टप्रमाणे झोपायचं.

मात्र त्या काळात सरकारनं एक गोष्ट बरोबर ओळखली होती. नुसती कारखान्यांसाठी जमीन घेऊन भागणार नाही, माणसांसाठीही घ्यावी लागेल. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९७२ च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, तेही मुख्यतः कामगारांना परवडणारी घरं आणि भूखंड मिळावेत म्हणून. जमिनी शेतकऱ्यांच्या गेल्या. त्यांच्या परताव्याचं गाऱ्हाणं पुढं कित्येक वर्षं चाललं, आणि ते खरं गाऱ्हाणं होतं. पण त्या जमिनीवर पेठा आखल्या गेल्या, रस्ते आधी झाले, गटारं आधी झाली, आणि भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले गेले. यमुनानगरसारख्या नावांमागं तो सगळा खटाटोप आहे.

अण्णांचं नाव सोडतीत लागलं तेव्हा मी शाळेत होतो. घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर, मागं मोरी आणि त्याहून मागं मोकळी जागा. ती मोकळी जागा हेच खरं घर होतं, हे आम्हाला नंतर कळत गेलं. पहिल्या दिवाळीच्या बोनसात तिथं पत्र्याची पडवी झाली. पतसंस्थेचं कर्ज निघालं त्यात मागची खोली. आईनं भिशी लावली त्यातून शहाबादी फरशी जाऊन मोझॅक आला. स्वयंपाकाचा ओटा कडाप्प्याचा. पुढं लोखंडी जिना, वर सिंटेक्सची टाकी, आणि ताईचं लग्न ठरल्यावर वरच्या मजल्याची खोली, कारण पाहुणे ठेवायचे कुठं? गल्लीतल्या कुणाच्याही घराकडं बघून त्याच्या कंपनीचा करार कोणत्या साली झाला ते सांगता यायचं. करार झाला की ग्रिल लागायचं.

गवंडी आमच्याच गल्लीत राहायचा. अण्णा आणि तो सुट्टीच्या दिवशी जमिनीवर खडूनं नकाशा काढायचे, आई त्यातली मोरी पुसून दुसरीकडं काढायची. आर्किटेक्ट नव्हता, तरी घर कुणाला केव्हा किती लागणार याचा हिशेब पक्का होता.

आता दुसरी बाजू. हे वाढवलेलं बांधकाम बहुतेक ठिकाणी विनापरवाना होतं. मागची खोली झाली तशी मधल्या खोलीची खिडकी गेली. आईनं पुढची वीस वर्षं दिवसा बल्ब लावून भाजी निवडली. स्लॅब गळायचा, दरवर्षी डांबर ओतायचं. गल्ल्या इतक्या आवळल्या की आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौकापर्यंत न्यावं लागायचं. प्राधिकरणाच्या आखीव पेठांबाहेर तर गुंठा-अर्ध्या गुंठ्यावर, स्टॅम्पपेपरच्या भरवशावर, पूर्ण वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांच्यावर मिळकतकराच्या वर शास्तीकर बसला आणि थकत गेला. अखेर २०२३ साली राज्य सरकारनं तो माफ केला तेव्हा शहरभर फ्लेक्स लागले. तोवर एक पिढी त्या नोटिसा फाइलला लावण्यात म्हातारी झाली होती. खुद्द ओटास्कीमच्या पेठेत पक्क्या इमारतींचा पुनर्वसन प्रकल्प हाती घेतला, तर तो देहूरोडच्या लष्करी डेपोभोवतीच्या रेड झोनच्या वादात अडकला. ज्यांना त्या घरांत राहावं लागलं नाही त्यांनाच ती घरं फार गोड आठवतात.

राहिली तयार घरांची गोष्ट. ती आत्ता परदेशातून आली असं जाहिराती वाचून वाटतं. प्रत्यक्षात फाळणीनंतर घरांची टंचाई पडली तेव्हा, १९४८ सालीच, दिल्लीत सरकारनं घरांचा कारखाना काढला होता. आजची हिंदुस्तान प्रीफॅब लिमिटेड ती हीच. पुण्यानं १९६१ च्या पानशेत पुरानंतर निसेन हट पाहिले. पहिल्या महायुद्धात पीटर निसेन या लष्करी अभियंत्यानं सैनिकांसाठी आखलेली, अर्धगोल पन्हळी पत्र्याची ती घरं पूरग्रस्तांच्या वाट्याला आली होती. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाल्यावर माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्यामुळं आमच्या पिढीच्या डोक्यात तयार घर म्हणजे आपत्ती, असं समीकरण बसलं. पुरात घर गेलं, भूकंपात घर गेलं, तर माणूस तयार घरात जाणार. आपणहून कोण जाईल?

गंमत म्हणजे या विषयातला एक मोठा माणूस पुण्यातच होता. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के. त्यांनी १९४४ साली कंपनी काढली, आणि पुढं स्वीडनचं तंत्र आणून मुंढव्याला सिपोरेक्सचा कारखाना उभा केला. सिमेंट, चुना, वाळू किंवा राख यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की ते ढोकळ्यासारखं फुगतं, मग दाबाच्या वाफेत शिजवायचं. ठोकळा विटेच्या मानानं तिप्पट हलका निघतो आणि उन्हाची झळ आत कमी येऊ देतो. आज पुण्यातला कुठलाही गवंडी असल्या ठोकळ्याला सिपोरेक्सच म्हणतो, मग तो कुणाच्याही कारखान्यातला असो. शिर्क्यांनी खांब, तुळया, जिने कारखान्यात ओतून जागेवर जोडायची पद्धत बसवली आणि म्हाडा-सिडकोच्या हजारो घरांत ती वापरली. अलीकडं २०२२ साली सिडकोच्या बामणडोंगरीच्या प्रकल्पात अशाच जोडकामानं ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत उभी राहिली. आमच्या मागच्या खोलीला दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

माझा भाचा म्हाळुंग्याजवळ केबिनी आणि मॉड्युलर घरं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्या शेडमध्ये गेलो तर चार घरं ओळीनं उभी होती, एकाला नुसता सांगाडा, दुसऱ्याला भिंती, तिसऱ्यात वायरिंग चालू, चौथं धुऊन पुसून ट्रेलरची वाट बघत. गाड्यांच्या लाइनीवर आयुष्य काढलेल्या अण्णांना हे फार आवडलं असतं.

“मामा, सगळ्याला पोर्टा केबिन म्हणू नका,” तो म्हणाला. त्याचा राग बरोबर होता. पोर्टा केबिन म्हणजे लोखंडी चौकट आणि पफ पॅनेल, म्हणजे दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये भरलेला फोम. साइट ऑफिसला, वॉचमनला उत्तम. वीस बाय दहाची केबिन दोन-अडीच लाखांच्या आसपास पडते म्हणून लोक तिच्यात राहायलाही जातात. पण फोम पेटला तर धूर विषारी निघतो, आणि पावसात छतावरचा आवाज असा की बोललेलं ऐकू येत नाही. राहायचं मॉड्युलर घर वेगळं. त्याला पातळ गॅल्व्हनाइज्ड पोलादाच्या पट्ट्या वाकवून केलेला दाट सांगाडा, बाहेरून सिमेंटचा बोर्ड, आतून जिप्सम, मध्ये रॉकवूल. ते आगीला टिकतं, उन्हात तापत नाही, आवाज अडवतं, आणि अर्थात महाग पडतं. तिसरा प्रकार प्रीकास्टचा, म्हणजे शिर्क्यांच्या परंपरेतला. तो इमारतीचा खेळ आहे, एकट्यादुकट्याचा नाही. साचे, मोठ्या क्रेन आणि शेकडो सारखी घरं असतील तरच परवडतो.

या घरांची रुंदी अशी चिंचोळी का, असं मी विचारलं. त्यानं रस्त्याकडं बोट दाखवलं. मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट. त्याहून रुंद खोली हवी तर दोन तुकडे न्यायचे आणि जागेवर बोल्टनं सांधायचे, नाहीतर जास्त रुंदीच्या मालाची वेगळी परवानगी काढायची. आमच्या घराची रुंदी प्राधिकरणाच्या भूखंडानं ठरवली होती, याची रुंदी चाकणचा रस्ता ठरवतो. आणि तळेगाव चौकातली कोंडी ज्यानं पाहिली आहे त्याला घर एका दिवसात येतं म्हणजे नेमकं किती तासांत, हे वेगळं सांगायला नको.

फरक आणखी एका ठिकाणी जाणवतो, भिंतीत खिळा मारताना. आमच्या विटांच्या भिंतीत आई कुठंही खुंटी ठोकायची. शहरात आता जे टॉवर होतात ते मायवानचे. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतलेला, भिंत म्हणजे अख्खं काँक्रीट. तिला भोक पाडायला ड्रिलवाला बोलवावा लागतो आणि ती तोडून दार काढायचा विषयच नाही, कारण तीच इमारत तोलून धरते. मॉड्युलर घरात खुंटी सांगाड्याच्या पट्टीवर आली तरच वजन घेते, म्हणून कपाट, टीव्ही, गिझर कुठं येणार ते कारखान्यात जाऊन आधीच सांगायचं. पण मायवानच्या फ्लॅटला जे जमत नाही ते याला जमतं. बाजूला दुसरा डबा जोडता येतो. पोरगं मोठं झालं, खोली वाढवली. सुनेला वेगळं हवं, जिना लावला. बोनस मिळाला की घर वाढवायची आमची पद्धत या घरात पुन्हा शक्य आहे, आणि तीही मधल्या खोलीची खिडकी न बुजवता. मला या घरांबद्दल आशा वाटते ती यामुळं. स्वस्ताईमुळं नाही.

कारण स्वस्त आहे ती पेटी. भाचा एका वाक्यात बोलून गेला, “मामा, घर स्वस्तात करून देतो हो, जागा कुठून देऊ?” त्याच्या कारखान्याची गिऱ्हाइकं कोण, तर पवनेच्या धरणाकाठी ज्यांचे प्लॉट आहेत ते. शनिवार-रविवारच्या घरासाठी. ज्या कामगारासाठी हे घर खरं तर चोख बसतं त्याच्याकडं डबा ठेवायला दहा बाय वीस फूट जमीन नाही.

चाकण पट्ट्यात हे फार ठसठशीत दिसतं. २००९ च्या सुमारास इथं मोठ्या परदेशी गाड्यांचे कारखाने सुरू झाले. त्यांच्या शेड पाहा. एकेक खांब, एकेक कैची दुसरीकडं बनून आली आणि इथं बोल्टनं जोडली गेली. कारखाना मॉड्युलर, आतली गाडी मॉड्युलर. पण गाडी जोडणारा पोरगा निघोजे, खराबवाडी, कुरुळी, महाळुंगे इंगळेतल्या चार मजली चाळीत राहतो, खोलीत चौघं किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे आमच्या अण्णांच्या आकुर्डीच्या खोलीत. फक्त अण्णा वर्षभरात कायम झाले होते. हा ट्रेनी आहे किंवा ठेकेदाराकडं आहे. नोकरी काही महिन्यांची आणि खोलीचा करार अकरा महिन्यांचा. तो भिशी कशाच्या भरवशावर लावणार?

परवडणारी घरं झालीच नाहीत असं नाही. भोसरीच्या पेठ १२ मध्ये प्राधिकरणानं ४,८८३ घरं बांधली, महापालिकेनं चऱ्होली, रावेत, बोऱ्हाडेवाडीत मिळून ३,६६४ काढली. चाकणजवळ महाळुंगे इंगळेत म्हाडाच्या इमारती आहेत. २०२० च्या करोनात तिथंच कोविड केअर सेंटर चाललं. पण ही सगळी विकत घ्यायची घरं. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं कर्ज, कायम नोकरी. उद्या कंत्राट संपलं की रांजणगावला जावं लागेल अशा माणसानं ती घ्यायची कशी? भाड्याच्या संकुलांची केंद्राची योजना २०२० साली आली, २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसतिगृहांची घोषणाही झाली. तमिळनाडूनं त्याच वर्षी चेन्नईजवळ मोबाइल कारखान्यातल्या १८,७२० महिला राहू शकतील असं निवाससंकुल सुरू करून दाखवलं. जपानात टोयोटानं १९७५ सालीच घरं बनवायला घेतली, गाडीच्या लाइनीचा अनुभव घराला लावला. चाकणमध्ये गाड्या जोडणाऱ्या हातांना घर जोडणं अवघड नाही. आमच्याकडं अडलंय ते जमिनीपाशी.

आणि जमिनीचं उत्तर या शहराला एकदा सापडलेलं होतं. प्राधिकरण २०२१ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे पीएमआरडीएमध्ये, विलीन झालं, शिल्लक भूखंडांचा भाव आता लिलावात ठरतो. कामगाराच्या भूखंडाचा भाव लिलावात ठरवायचा म्हणजे तो कामगाराला द्यायचाच नाही असं मी समजतो. एमआयडीसीनं चाकणच्या पुढच्या टप्प्यांत कारखान्यांच्या भूखंडांबरोबर थोडी जमीन राखावी, तिथं रस्ता, पाणी, मैलावाहिनी आणि जोती करून ठेवावीत, आणि ती भाडेपट्ट्यानं द्यावीत. वर डबे कामगार आणील, नाहीतर कंपनी आणील, नाहीतर सहकारी संस्था आणील. नोकरी बदलली तर डबा उचलून पुढच्याला विकता येईल. ओट्याची ती जुनी योजना फसली असेल तर गळक्या पत्र्यांमुळं आणि परवान्यांच्या घोळामुळं. त्या दोन्हींवर आज इलाज आहे.

ज्यांच्याकडं आत्ताच गुंठाभर जागा आहे आणि जे जाहिरात पाहून असं घर घ्यायला निघालेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. घर बोल्टांचं असलं तरी कायम राहायचं असेल तर बांधकाम परवानगी लागते. ‘केबिनला परवानगी लागत नाही’ असं सांगणाऱ्याकडून ते लेखी घ्या, तो देणार नाही. सातबारा आणि बिनशेती आधी बघा, कारण बँक कर्ज देताना डबा बघत नाही, जमिनीचे कागद बघते. भिंतीत फोम आहे की रॉकवूल ते विचारा आणि पॅनेलचा कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. घर पाहायला जायचं तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता जा. आणि कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘एक्स-वर्क्स, चाकण’ असं छापलेलं असेल, तर ट्रेलर, क्रेन, पाया, मैलाटाकी आणि विजेचं मीटर हा सगळा खर्च त्या आकड्याच्या वर तुमचाच आहे.